लांबच्या कारणांचे तात्या

आमच्या तात्यांच्या घरात कुठलीही गोष्ट जवळच्या कारणाने बिघडत नाही. भजी मऊ पडली तर पीठ सैल झालेलं नसतं. बेसनात भेसळ करणाऱ्या व्यापाऱ्यांची साखळी असते आणि तिचं टोक थेट केंद्राच्या आयात धोरणात सापडतं. गुडघा दुखला तर त्याला जिना कारण नसतो, प्रशांत महासागरातला ला निना असतो. नळाला पाणी आलं नाही की आपण वरची टाकी भरली का ते बघतो. तात्या गंगापूर धरणातल्या गाळापासून सुरुवात करतात, आणि ते गाळात असतानाच कुणीतरी जाऊन पंप चालू करून येतं.

गंमत म्हणजे हा माणूस नोकरीभर विम्याच्या दावे खात्यात होता. तिथे त्यांचा लौकिक नेमका उलटा होता. पक्षकाराने कितीही लांबचं कारण सांगितलं तरी तात्या बोट जवळच्यावर ठेवत. "आग लागली ते कळलं. गॅसची नळी शेवटची कधी बदलली होती, तेवढं सांगा." एवढ्या एका प्रश्नावर माणसं फाइल गुंडाळून घरी जायची म्हणे. दुसऱ्याच्या घरातली ढिली नळी त्यांना नाशिकच्या ऑफिसात बसून दिसायची. ते सगळं कसब निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळासोबत तिथेच ठेवून आले असावेत.

तर अशा तात्यांनी इलेक्ट्रिक गाडी घेतली.

घेण्याआधी सगळ्या इमारतीला किलोमीटरमागे किती पैसे, हे पाठ झालं होतं. त्र्यंबकेश्वर २८ किलोमीटर, जाऊन-येऊन ५६, म्हणजे फार तर ८ युनिट. त्यातही येताना उतार, ब्रेक मारला की बॅटरीत थोडी वीज परत. हे "परत" तात्या अशा काही थाटात उच्चारायचे की जणू रस्त्याने त्यांना प्राप्तिकराचा परतावा दिलाय. पेट्रोलच्या गाडीतून जाणाऱ्या माणसाकडे ते आता रागाने नाही, कणवेने बघत.

गाडी यायच्या आधी कंपनीने एक माणूस घरी पाठवला. त्याने मीटरपासून पार्किंगपर्यंत फिरून सगळं रीतसर सांगितलं. मीटरवरून गाडीसाठी वेगळी लाइन ओढा, ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर घ्या, लाइनला स्वतःचा एमसीबी द्या, अर्थिंग तपासून घ्या, सॉकेट चांगलं बसवा. तात्यांनी सगळं मान डोलावत ऐकलं आणि शेवटी त्याला मागच्या बाल्कनीत नेऊन भिंतीकडे बोट केलं. "हा काय, आहे की पॉवर पॉइंट!"

तो पॉइंट वॉशिंग मशीनचा होता. इमारत १९९३ ची, पॉइंटही तेव्हाचाच. तात्या पहिल्या मजल्यावर राहतात आणि त्यांची गाडी बरोबर बाल्कनीखाली उभी राहते. वायर ग्रिलमधून खाली सोडली की काम झालं. मशीनची रवानगी बाथरूममध्ये झाली. तिथे त्याला प्लगच नव्हता, पण तो प्रश्न काकूंचा होता. जो माणूस दहा-बारा लाखांची गाडी कर्ज न काढता घेतो, त्याला चार-सहा हजारांच्या वायरीचा खर्च चैन वाटतो. ही काही एकट्या तात्यांची तऱ्हा नाही. आपल्याकडे घराला ग्रॅनाइटचा ओटा होतो, छताला पीओपी होतं, पण भिंतीच्या पोटातल्या वायरवर पैसे टाकायचे म्हटलं की आपण "चालतंय की" म्हणतो. जे दिसत नाही ते पाहुण्याला दाखवता येत नाही ना!

पहिल्याच आठवड्यात प्लग तापायला लागला.

तात्या रोज रात्री जेवण झाल्यावर प्लगला हात लावून बघत. मग हातावर भागेना म्हणून माळ्यावरून एक पिस्तूल निघालं. कोविडच्या काळात गेटवर येणाऱ्या-जाणाऱ्याच्या कपाळावर धरायचे, तेच. तेव्हा तात्या सोसायटीचे सेक्रेटरी होते आणि साथ ओसरल्यावर पिस्तूल त्यांच्याकडेच राहून गेलं होतं. पहिल्या रात्री प्लगचा आकडा आला ३८.४. तात्यांनी तो वहीत लिहिला आणि पुढे शेरा मारला, "बारीक कणकण." दुसऱ्या रात्री ४१. तिसऱ्या रात्री यंत्राने आकडा द्यायचंच नाकारलं आणि पडद्यावर नुसतं इंग्रजीत 'हाय' उमटलं. माणसाच्या तापासाठी बनवलेलं यंत्र ते, ४३ च्या पलीकडे त्याची मजलच नाही. त्यापुढे ताप चढला तर मोजायला नव्हे, रडायला माणसं लागतात. काकू चष्मा लावून पडद्याकडे बघत म्हणाल्या, "अहो, हा तुम्हाला हाय म्हणतोय. बाय म्हणायच्या आत कुणालातरी बोलवा."

तात्यांनी बोलावलं, पण वायरमनला नाही. वीज कंपनीला अर्ज केला. विषय : निवासी जोडणीवरील थ्री-पिन प्लग अवाजवी तापण्याबाबत. संदर्भ : नाही. अर्जात म्हटलं होतं की रात्री उशिरा कारखान्यांचा लोड उतरल्यावर व्होल्टेज चढतं आणि त्याचा भार सामान्य ग्राहकाच्या प्लगवर येतो. खरोखरच एक माणूस आला, मीटरपाशी मोजमाप केलं, २३२ व्होल्ट. हवं असतं २३०. "उत्तम आहे," म्हणून त्याने तात्यांची सही घेतली. तात्यांचं मत असं पडलं की तो दिवसा आला, चोर रात्री येतो.

मग सर्व्हिस सेंटरची पाळी. तिथल्या मुलाने तात्यांचा चार्जर सेंटरच्या सॉकेटला लावला, अर्धा तास ठेवला, प्लग गार. आता यावरून कुणालाही वाटेल की चार्जर चांगला आणि आपलं सॉकेट वाईट. तात्यांनी यावरून अनुमान काढलं की सर्व्हिस सेंटरला एसी आहे.

याच न्यायाने घरी प्लगसमोर टेबल फॅन आला. आता तो फॅन रात्रभर चालणार, त्याचे ५० वॅट, म्हणजे रात्रीचं अर्धं युनिट, म्हणजे किलोमीटरमागे किती, अशी एक नवी ओळ वहीत सुरू झाली. फॅनने प्लगचा बाहेरचा भाग जरा निवला, यंत्रावर पुन्हा आकडे दिसू लागले आणि तात्या दोन दिवस खुशीत होते. आत जिथे खरी आच होती, तिथे वारा पोचायचा प्रश्नच नव्हता.

मी एकदा भीत भीत म्हटलं, "तात्या, चार्जिंगचा करंट कमी करता येत असेल तर १५ चा १० अँपिअर करून बघा. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. १० वर आणलंत तर ती निम्म्याहून खाली येईल."

"आणि नऊ तासांचे तेरा तास होतील," तात्या म्हणाले. "लग्नाला निघालेल्या माणसाला सांग, सावकाश जा, मंगलाष्टकं नाही मिळाली तरी अक्षता मिळतील."

मग मी गिझरचा विषय काढायच्या आत तो त्यांनीच काढला. "अरे, गिझर नाही का चालत असल्याच पॉइंटवर? २ किलोवॅटचा आहे. तो कुठे तापवतो?" तात्यांसारख्यांचा हा हुकमी एक्का. गिझर पंधरा मिनिटं चालतो आणि कटआउट पडून गप्प होतो. सॉकेट तापू लागेपर्यंत अंघोळ आटोपते. गाडीचा चार्जर १४-१५ अँपिअर ओढत संध्याकाळी लागतो तो पहाटेपर्यंत दम घेत नाही. ३० युनिटची बॅटरी आणि ३.३ किलोवॅटचा चार्जर, हिशोब तात्यांचाच आहे. नऊ तास अखंड असा भार आपल्या घरातलं दुसरं कुठलंच उपकरण एका थ्री-पिनमधून ओढत नाही. १६ अँपिअरच्या सॉकेटमधून १६ च्या जवळपास करंट, तोही रात्रभर, रोज. सॉकेटची सगळी खोटी नाणी मग बाहेर पडतात.

"आणि एमसीबी पडत नाही," तात्यांचा दुसरा एक्का. "काही गडबड असती तर पडला नसता?"

हा गैरसमज इतका पसरलेला आहे की त्यासाठी तात्यांना एकट्याला धरणं बरं नव्हे. एमसीबी बघतो तो करंट. करंट तर बरोबरच होता, जितका चार्जरला हवा तितकाच. सॉकेटच्या आत एका सांध्यावर काय जळतंय, याचा पत्ता दिवाणखान्यातल्या एमसीबीला लागायचं कारण नाही. सांध्यात ०.१ ओहमचा अडथळा असला, तरी १५ अँपिअरला तिथे २२ वॅट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्तीवाल्याकडची झाळायची लहान इस्त्री साधारण तेवढ्याच वॅटची असते. ती भिंतीतल्या बंद डबीत रात्रभर चालू ठेवून आपण घोरत पडायचं, आणि एमसीबीही आपल्यासोबत.

पुढची पायरी एक्स्टेन्शन बोर्डाची. प्लग आग्नेय दिशेला असल्याने त्याचा स्वभावच तापट आहे, असं कुणीतरी तात्यांच्या मनात भरवलं. वास्तूवर त्यांचा विश्वास नाही, पण लांबचं कारण म्हणून ती चालते. तेव्हा मेनरोडवरून एक लांब वायरीचा बोर्ड आणून गाडीचा प्लग दिशा बदलून वायव्येला नेण्यात आला. उरलेल्या वायरीचं नीट वेटोळं करून काकूंच्या लोणच्याच्या बरणीमागे ठेवलं. आता भिंतीतला प्लग तापायला लागला, बोर्ड तापायला लागला आणि गुंडाळलेली वायरसुद्धा तापायला लागली, कारण वेटोळ्यातल्या उष्णतेला बाहेर पडायला वाट नसते. तात्यांनी तिन्ही ठिकाणचे आकडे वहीत लिहिले, सरासरी काढली आणि ती आधीपेक्षा कमी आली म्हणून मला दाखवली.

मग प्लग पुन्हा भिंतीत आला, आणि त्यानंतर आला मासळीचा वास.

श्रावण चालू होता. रात्री साडेदहा-अकराच्या सुमारास काकूंच्या स्वयंपाकघरात मासे तळल्यासारखा वास यायला लागला. काकूंच्या सात पिढ्यांत कुणी मासा शिजवलेला नाही, त्यामुळे मासा तळला की नेमका कसा वास येतो याविषयी त्यांना जरा शंका होती. तात्यांना कुठलीच शंका नव्हती. दुसऱ्या मजल्यावर मालवणकडचं एक जोडपं नुकतंच भाड्याने आलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बोर्डावर सूचना लागली : "सर्व सभासदांस व भाडेकरूंस कळविण्यात येते की, इमारतीच्या आवारात रात्रौ उशिरा विशिष्ट खाद्यपदार्थांचा उग्र दर्प येत असल्याबाबतच्या तक्रारी प्राप्त झाल्या आहेत." तक्रारी म्हणजे तात्या.

संध्याकाळी ते जोडपं सूचना वाचून तात्यांच्या दारात आलं. मुलगा बिचारा हात जोडून म्हणाला, "तात्या, श्रावण आहे. आमच्याकडे कांदासुद्धा बंद आहे. वास आम्हालाही येतो. आम्हाला वाटलं, तुमच्याकडूनच येतोय." बायको हळूच म्हणाली, "आणि बांगडा नाहीये तो. बांगड्याचा वास असा नसतो."

हा जाणकाराचा अभिप्राय होता, तो ऐकायला हवा होता. काही प्रकारचं प्लॅस्टिक तापून करपायला लागलं की त्याला हुबेहूब मासळीसारखा वास येतो. स्विच-सॉकेटवाल्या लोकांना हे माहीत असतं. घरात मासे नसताना मासळीचा वास आला तर ते आधी बोर्ड बघतात. तात्यांनी मात्र हवेचा दाब काढला. पावसाळ्यात वास जड होतो, तो वर न जाता खाली उतरतो, दुसऱ्या मजल्याचा नसेल तर शेजारच्या इमारतीचा, नाहीतर गोदाकाठचा. गोदाकाठावरून वास त्यांच्याच बाल्कनीत, तोही गाडी लावलेल्या रात्रींनाच कसा येतो, हे विचारायची माझी टाप नव्हती.

सोडवणूक झाली ती काकूंमुळे, आणि तीही गाडीसाठी नव्हे. पावसाळ्याच्या दिवसांत चादरी हाताने पिळून पिळून त्यांचं मनगट भरून आलं होतं. तात्या बँकेत गेलेले बघून त्यांनी सातपूरच्या एमआयडीसीत पॅनेल वायरिंग करणाऱ्या एका मुलाला बोलावलं आणि बाथरूममध्ये मशीनसाठी पॉइंट काढायला सांगितलं. मुलगा लाइन कुठून घ्यावी ते बघत बाल्कनीत आला आणि थबकला.

"काकू, हे काय जळालंय?"

तात्या परत आले तेव्हा मेन बंद होता आणि मुलगा टेस्टर लावून खात्री करून घेत होता. तिथे मीही होतो, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. त्याने प्लगला नुसता अंगठा आणि एक बोट लावलं. प्लग अलगद हातात आला, लोण्यातून सुरी निघावी तसा. "हा प्लग धरलेला नव्हता काका," तो म्हणाला, "टेकलेला होता." चार्जरचा तो जाडजूड डबा प्लगपासून वितभर अंतरावर अधांतरी लोंबत होता आणि आपल्या वजनाने प्लग रोज थोडाथोडा खाली ओढत होता. तीनपैकी एका पिनेचा पितळी रंग जाऊन तिच्यावर निळसर-तपकिरी झाक आली होती. तीच फेजची पिन. उरलेल्या दोन चकचकीत होत्या.

मग त्याने पट्टी उघडली. फेजच्या वायरीचं कव्हर बोटभर तपकिरी होऊन आकसलं होतं, नख लावताच त्याचा भुगा झाला. सात तारांपैकी तीनच स्क्रूखाली होत्या. उरलेल्या चार कुणीतरी कापून टाकल्या होत्या, भोकात एकदम मावत नसतील म्हणून. आणि त्या तिनांवरचा स्क्रू? मुलाने पेचकस लावून फिरवला तर जवळजवळ पूर्ण एक फेरा तो नुसताच फिरला, मग कुठे त्याला पकड मिळाली.

"एवढी वर्षं चाललं की पण!" तात्या म्हणाले.

"मशीन दोन अँपिअर खायचं, काका. दोन अँपिअरला काय चालत नाही?"

"मग आवळ ना आता."

"आवळून भागायचं नाही. आतली पत्ती तापून तापून मऊ झालीय, तिच्यात धरायची ताकद उरली नाही. स्क्रू आवळला तरी पिन ढिलीच बसणार. एमसीबीला करंट कळतो, ताप कळत नाही. हे आणखी महिनाभर चाललं असतं तर तुम्हाला मला नाही, फायरब्रिगेडला बोलवावं लागलं असतं."

एवढं स्वच्छ, हातात ठेवलेलं, नखाने भुगा होणारं कारण पुढ्यात आल्यावर दुसरा माणूस मुकाट झाला असता. दावे खात्यातले तात्या असते तर या एका स्क्रूवर त्यांनी अख्खा क्लेम नामंजूर केला असता. पण हे घरचे तात्या. ते खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी त्या चार कापलेल्या तारांचा माग काढायला घेतला. इमारत १९९३ ची, म्हणजे वायरिंगचं कंत्राट त्याआधी वर्षभर दिलेलं. १९९१ च्या जुलैत रुपयाचं अवमूल्यन झालं. आयात महागली. तांबं महागलं. ठेकेदाराने कसर काढायला स्वस्तातला वायरमन धरला. त्या वायरमनने घाईत चार तारा कापल्या. "बघ, कुठे सुरुवात आणि कुठे शेवट!" तात्यांच्या चेहऱ्यावर खरंखुरं समाधान होतं.

काकू आतून म्हणाल्या, "म्हणजे आपला स्क्रू दिल्लीने ढिला केला तर!"

नव्या लाइनला मात्र तात्यांनी होकार दिला. किलोमीटरमागे खर्च किती वाढतो ते काढून बघितलं, एक लाख किलोमीटरवर वाटला तर तो पैशांतच येत होता, रुपयांत नाही. मुलाने मीटरपासून ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर आणली, २० अँपिअरचा एमसीबी आणि सोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला, म्हणजे गाडीच्या अंगात करंट उतरला तर तो कुणाला लागण्याआधी पडेल. अर्थिंग मोजलं. घरगुती थ्री-पिन काढून कारखान्यात असतं तसलं निळं इंडस्ट्रियल सॉकेट आणलं. त्यात पिना जाड आणि गोल असतात, प्लग आत खोल जातो, वर झाकणाची खाच त्याला धरून ठेवते. कंपनीकडून त्याला चालणारी चार्जरची केबल मागवली. चार्जरच्या डब्याला भिंतीत एक हूक ठोकला. हा हूक सगळ्यांत स्वस्त होता आणि माझ्या मते सगळ्यांत शहाणपणाचा. एक्स्टेन्शन बोर्ड मुलाने न विचारता भंगारात टाकला. बाल्कनीतल्या जुन्या जागी नवं सॉकेट लागलं आणि मशीन तिथे परत आलं. काकूंनी त्या दिवशी मुलाला शिरा करून घातला. तात्यांच्या गाडीच्या पूजेला पेढे होते, तेही मोजून.

दुसऱ्या मजल्यावरच्या जोडप्याकडे तात्या स्वतः जाऊन आले. सूचना काढली नाही, कारण बोर्डावरची सूचना काढायची तर कमिटीचा ठराव लागतो. पण तिच्याखाली बारीक अक्षरात "सदर दर्प आता येत नाही" एवढं लिहिलं.

नव्या लाइनच्या चौथ्या की पाचव्या दिवशी रात्री अकरा वाजता त्यांनी त्या मुलाला फोन लावला. आमच्या जिन्यात त्यांचा आवाज स्पीकर चालू असल्यासारखा येतो.

"अरे, प्लग गार आहे."

पलीकडून काहीतरी उत्तर आलं.

"तसं नाही रे. एकदम गार आहे. पिस्तुलाने बघितलं, २७ दाखवतंय. पूर्वी कसा, काहीतरी आत जातंय असं हाताला तरी कळायचं. गाडी चार्ज होतेय ना नक्की?"

पुन्हा उत्तर.

"हो, डॅशबोर्डवर शंभर टक्के दाखवतंय. दाखवतंय रे. पण ते दाखवणारं सॉफ्टवेअर कुठल्या देशात लिहिलंय, ते नको का बघायला?"